राजेश्रीचा एकांताचा नियम

पालममध्ये राजेश्री आत्म्यावर उपचार करते, हे लोकांना पहिल्या दिवसापासून पटलं होतं. पटत नव्हतं ते एवढंच, की ती त्यासाठी लिंबू मागत नाही. पुण्याहून मानसोपचार शिकून आलेली तिशीतली पोर. मन, शरीर, आत्मा सगळं मिळून बघायचं, असा तिचा अभ्यास. खाली नागेशचं खतांचं आणि कीटकनाशकांचं दुकान, वर तिची खोली: एक पंखा, दोन खुर्च्या आणि एक नियम. पेशंटनं आत एकट्यानंच यायचं. आमच्याकडे दाढ दुखली तरी चार माणसं सोबत निघतात, त्यामुळे तिच्या जिन्यावर कायम एखादं वऱ्हाड ताटकळत असे. राजेश्री त्यांना गोड बोलून बाजारात पिटाळत असे.

त्या मंगळवारी मेंढपाळ मल्हारी आला, बायको अंबाबाईसोबत. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. पण एका दुपारी त्याचा डोळा लागला, कळप फुटव्यात शिरला आणि एकवीस मेंढ्या त्याच्यासमोर तडफडून मेल्या. तेव्हापासून तो जेमतेम बोलत होता. अंबाबाई जिना सोडायला तयार नव्हती. राजेश्रीनं तिलाही भाजी आणायला पाठवलंच.

आत मल्हारी पाऊण तास गप्प. राजेश्रीही गप्प, गप्प बसण्यात ती वर्गात पहिली होती. शेवटी त्यानं विचारलं, "ताई, मेंढरालाबी आत्मा ऱ्हातो का?"

"असतो की, मामा. सगळ्यांनाच असतो."

मल्हारीनं मान हलवली. बायकोला बघतो म्हणाला आणि जिना उतरला.

दहा मिनिटांनी अंबाबाई वर आली. रिकाम्या खुर्चीकडे बघून तिनं मेथीची पिशवी खाली टाकली.

"सा महिने आमी पाळी लावून ह्यांच्यावर नजर ठेवायलोत, ताई. दिवसा मी, रात्री दीर. अन् तुमी मला मेथी आणायला लावलं."

आपल्या पायाखाली काय विकायला ठेवलंय, ते राजेश्रीला तेव्हा आठवलं. दोघी धावत जिना उतरल्या.

नागेश हा महा चौकस दुकानदार. कोणतं पीक, कोणती अळी, पेरणी कधीची, हे विचारल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही. गिऱ्हाइकं वैतागून दुसरीकडे जातात. आत्ता मात्र तो गल्ल्याशी ताठ उभा होता.

"औषध मागायले होते," तो हळूच म्हणाला. "कोणत्या पिकाला म्हणलं, तर म्हणले पीक न्हाई. मागं पोत्यांवर बसवलंय, चहा सांगितलाय. घेईनात. मला लय भ्या वाटायलंय, ताई. मी जागचा हललो न्हाई."

अंबाबाई पोत्यांमागं गेली आणि तिनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. राजेश्रीला शिकलेलं काहीच आठवेना. एवढं मात्र कळलं, की हे तिच्या एकटीचं काम नव्हे. परभणीच्या मनोविकारांच्या डॉक्टरांना फोन करून तिनं खोलीला कुलूप घातलं आणि दुपारचीच एसटी धरली.

तिघं एका सीटवर, मल्हारी मधोमध. एका थांब्यावर खिडकीबाहेर मेंढरं दिसली तसा तो अर्धवट उठला. दोघीही उठल्या. तो बसला, दोघी बसल्या. परभणी यायला अजून तासभर होता.