हीटरचा सूट

आमच्या दुकानात समुद्रात बुडी मारायला आलेला माणूस पहिला प्रश्न ठरलेला विचारतो. "पाणी तर कोमट आहे, मग हा रबरी सूट कशाला?" उत्तर माझ्या जिभेवर तयार असतं, पण मालकांनी मला गिऱ्हाइकांशी बोलायला साफ मनाई केली आहे. मी मागच्या शेडमध्ये हवेच्या टाक्या भरते. त्या मशीनच्या घरघरीवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी नुसतं "या, बसा" म्हटलं तरी लोकांना वाटतं, ही बाई भांडायला उठली. म्हणून पुढे वहिनी. माझ्या दादाची बायको.

वहिनी त्या प्रश्नाला कधी वैतागली नाही. "कोमट असलं तरी तुमच्या अंगापेक्षा गारच ना?" म्हणायची. "जितका वेळ त्यात राहाल तितका वेळ ते तुमची ऊब ओढत राहणार. पहिल्या बुडीला कळत नाही. दिवसातली तिसरी बुडी आली की दात वाजायला लागतात." मग विचारायची, "घरी पंखा बंद करायला कोण उठतं?" नवराबायको एकमेकांकडे बघून हसायची. जो उठतो त्याला पाचचा सूट, म्हणजे पाच मिलिमीटर जाडीचा. जो पंख्याखाली उघडा झोपतो त्याला तीनचा. एवढं सोपं करून टाकलं होतं तिने.

आणि सूट चढवला की माणसाला पाठमोरं उभं करून कंबरेच्या वरच्या खळग्यात तळवा सरकवायची. तळवा आत शिरला तर सूट परत खुंटीवर. "इथे पाणी साठणार," ती सांगायची. "साठलेलं पाणी तुमच्या अंगाने गरम होतं, आणि सैल सूटमधून ते सारखं निसटून नवं गार पाणी आत येतं. जाडीला काय चाटायचंय? आधी अंगाला बसायला हवा." एखादा ढेरपोट्या गृहस्थ तोंड वाकडं करून म्हणायचा, श्वास कोंडतोय हो. त्यावर ती म्हणायची, "बोलता येतंय ना? मग बसलाय."

माझा दादा त्याच दुकानाचा गाइड. लोकांना घेऊन पाण्यात जायचा, मासे दाखवायचा, सगळ्यांना धडधाकट वर आणायचा. बाकीचे गाइड सूट घालून कुडकुडायचे आणि हा नुसत्या पातळ बनियनवर दिवसभर पाण्यात. म्हणून त्याचं नाव पडलं हीटर. स्वारी खूश! होडीवर कुणी थंडीने आखडलं की म्हणायचा, "ये, माझ्याजवळ बस, फुकट आहे." वहिनीला मात्र ते बनियन डोळ्यांसमोर नको असायचं. अख्ख्या गावाला नीट कपडे घालते आणि माझाच नवरा उघडा, म्हणून कुरकुरायची.

तर मागच्या वर्षी सीझनच्या सुरुवातीला दादा आपणहून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "दे बाई, एकदाचा तीनचा. आज जरा गार वाजलं."

वहिनीला काय आनंद झाला! तिने त्याला सूट असा बसवला की दादा म्हणाला, "आता श्वास घेऊ का तुला विचारून?" गाइड मंडळींनी होडीवर टाळ्या पिटल्या, हीटर बंद पडला म्हणाले. दादाही हसला. वय झालं रे, म्हणाला.

थोड्या दिवसांनी तीनचा पुरेना. वहिनीने पाचचा काढला. तो महिनाभर बरा चालला, मग दादा म्हणाला, पाठीत पाणी शिरतंय. तिने तळवा घालून पाहिला तर खरंच शिरत होता. "रबर जुनं झालंय," ती म्हणाली. "शिवणी सैल पडल्यात." भाड्याचे सूट दिवसभर उन्हात आणि खाऱ्या पाण्यात असतात, त्यांचं असं होतं, त्यामुळे कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. तिने दोन्ही बाजू उसवल्या, पट्टी कापून काढली, कडा गोंदाने जोडल्या आणि वरून टाके घातले. ते टाके बघण्यासारखे असायचे. रबराच्या अर्ध्या जाडीतच सुई फिरवायची, आरपार भोक पडू द्यायची नाही. सूट पुन्हा गच्च बसला. दादा दिवसभर पाण्यात राहून आला आणि म्हणाला, "झकास! गोधडीत झोपल्यासारखं वाटलं."

मग पुन्हा सैल. पुन्हा उसवलं, पुन्हा कापलं. आत घालायला तिने टोपी जोडलेली बंडी शिवून दिली, कारण डोक्यातून ऊब फार जाते. मनगटाला आणि घोट्याला घट्ट पट्ट्या लावल्या. मी एकदा म्हटलं, "वहिनी, हा वाळलाय गं." ती म्हणाली, "सीझनमध्ये कोण वाळत नाही? तू स्वतःला आरशात बघ." तेही खरंच होतं. त्या दिवसांत आम्ही सगळेच उभ्याउभ्या जेवायचो आणि पुन्हा कामाला लागायचो.

पाऊसकाळात दुकान बंद राहिलं. पुढच्या सीझनला मालकांनी कोरे सूट मागवले. खोकी उघडली तशी वहिनीने पहिला सूट दादासाठी बाजूला काढला. माप बघायची तिला गरजच नव्हती. लग्न झाल्यापासून ज्याचे कपडे ती आणते त्याचं माप काय बघायचं? "अहो, या इकडे," तिने हाक मारली. "आता बघा, कुठून पाणी शिरतं ते."

मी टाकी लावून पुढे पाणी प्यायला आले होते. दादाने सूट चढवला, वहिनीने मागची चेन वर ओढली. खळग्यात तळवा घातला. तळवा गेला. मूठ केली, तर मूठही गेली. खांद्यावर रबराच्या घड्या पडल्या होत्या.

"कंपनीने माप चुकवलं," ती म्हणाली. "यांच्याकडे मेलं कुणाला धड शिवता येतं?"

दुसरा एक गाइड तिथेच होता, दादाच्याच अंगलटीचा. होडीवर दोघे एकमेकांचे शर्ट घालायचे. तिने दादाच्या अंगावरून सूट काढून त्याला चढवला. त्याला तो असा बसला की बोट शिरायला जागा राहिली नाही. "मस्त आहे, मीच ठेवतो," तो म्हणाला आणि हसला. बाकी कुणी हसलं नाही.

वहिनी कोऱ्या सूटकडे बघत होती. त्याच्या तर शिवणी सैल पडल्या नव्हत्या. मग तिने वळून दादाकडे पाहिलं. तो चड्डीवर उभा होता, भर दुपारी, आणि दोन्ही हात काखेत घालून थरथरत होता. तिने दुकान तसंच टाकलं आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली.

पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टरीण बाई स्वभावाने चांगली होती, पण तिला खोटं बोलता येत नव्हतं. वहिनीने विचारलं तसं तिने सांगून टाकलं, मागच्या सीझनला आला असतात तर काढता आली असती. "इतकं वजन उतरलं, सारखी थंडी वाजायची, तरी कामं सुरू होती? एवढ्या दिवसांत कसं कुणाला कळलं नाही?" मला असा संताप आला की टेबल उलटं करावंसं वाटलं. पण त्या बाईचा काय दोष?

गाठ काढता आली असती, हे आम्ही दादाला सांगितलं नाही. तो खाटेवर होता आणि भेटायला माणसं यायची. होडीवाले, गाइड, जुनी गिऱ्हाइकं. दादा प्रत्येकाला तेच सांगायचा. "हिच्या हाताला तोड नाही. हिने सूट केला नसता तर मी मागच्या वर्षीच पाण्याबाहेर बसलो असतो. सगळा सीझन काढला मी, एक दिवस चुकवला नाही. हिच्यामुळे." येणारा मान डोलवायचा. वहिनी पायथ्याशी उभी राहून ते ऐकायची आणि "पुरे हो" म्हणायची.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकली होती. "माझं शिवण कच्चं असतं तर," एवढंच म्हणाली. मी ओरडले तिच्यावर. "गप्प बस! वेड लागलंय का तुला?" दुसरं काही मला सुचेना, कारण ती म्हणत होती त्यात खोटं काय होतं ते मला सापडत नव्हतं. मी म्हटलं, "मी सांगते दादाला, हे कौतुक बंद कर म्हणून." तिने माझा दंड असा पकडला की वळ उठले. "खबरदार! त्यांना वाटतंय मी त्यांना ऊब दिली. तेवढंच राहू दे त्यांच्याजवळ."

अगदी शेवटच्या आठवड्यात डॉक्टरीण बाई तपासायला आली तेव्हा दादाने तिलाही थांबवलं. आवाज पार खोल गेला होता, मला वाकून ऐकावं लागलं. "डॉक्टर, तुम्हाला सांगायचं राहिलं. हिने वर्षभर मला थंडी वाजू दिली नाही."

डॉक्टरीण बाईने वहिनीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वहिनी पुढे झाली, दादाच्या गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं, कडा अंगाखाली खोचल्या आणि म्हणाली, "बघा ना डॉक्टर. सगळ्यांना हेच सांगत असतात."