ताईच्या पिस्तुलावरचा लाल ठिपका

ताई टेक्सासहून इकडे ब्रिटनमध्ये, कार्डिफला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्याकडे पिस्तूल आहे हे मला माहीत होतं. फोनवर तिने ते नवीन मिक्सर घेतल्याच्या सुरात सांगितलं होतं, आणि मीही "बरं" म्हणून विषय बदलला होता. ती माझ्याहून बरीच मोठी. भाऊजी गेल्यापासून तिकडे बैठ्या घरात एकटीच राहते. एकदा ती ऑफिसला गेलेली असताना कोणीतरी मागच्या दाराची काच फोडून आत शिरलं. दागिने नेले ते नेलेच, पण जाण्याआधी फ्रीजमधलं दूध पिऊन रिकामी बाटली ओट्यावर ठेवून गेलं. दागिन्यांचं तिला फारसं वाटलं नाही. त्या बाटलीने मात्र ती हादरली. कोणीतरी निवांत उभं राहून तिच्या घरात दूध प्यायलं होतं.

पिस्तूल अर्थात तिकडेच, पलंगाशेजारच्या कुलूपबंद पेटीत राहिलं होतं. इथे साध्या माणसाला ते ठेवताच येत नाही, हे तिला कळलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे कोणाकडेच नसतं?"

"शेतावर कोणाकडे बंदूक असते, परवाना काढून. पिस्तूल नाही."

"आणि कोणी घरात शिरलं तर?"

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडलाच नव्हता. तिने मग कुंपणापलीकडच्या शेजारणीला विचारलं. शेजारीण बस चालवायची, आता रिटायर झाली आहे. ती म्हणाली, "पोलिसांना फोन करीन आणि बाथरूममध्ये कडी लावून बसेन." ताईने मला मराठीत विचारलं, "ही चेष्टा करतेय का?" चेष्टा नव्हती.

माझ्या नवऱ्याला मात्र या सगळ्याचं कुतूहल. चहा पिताना त्याने विचारलं, "ताई, तुमचा नेम बसतो का?"

"लेझर बसवलाय ना," ती म्हणाली आणि टीव्हीचा रिमोट हातात घेऊन समजावू लागली. "पिस्तुलाला पुढे एक टोक असतं आणि मागे एक खाच. ते टोक खाचेत धरायचं आणि पलीकडे बघायचं. मला बायफोकल. टोक नीट दिसलं तर पलीकडचं धूसर, पलीकडचं दिसलं तर टोक गायब. लेझरला तसं काही नाही. पिस्तुलाची मूठ आवळली की समोर लाल ठिपका. ठिपका जिथे, गोळी तिथे. साधारण."

"साधारण म्हणजे?" मी विचारलं.

"लेझर नळीच्या खाली असतो, त्यामुळे अंतराप्रमाणे थोडा फरक पडतो. तो जुळवून घ्यावा लागतो. पिस्तूल चालवायला शिकवणाऱ्या बाईंनी मला जुळवून दिलाय. भर उन्हात ठिपका नीट दिसत नाही, पण घरात दिसतो. बाई म्हणतात, बऱ्याचदा गोळी झाडायची वेळच येत नाही. छातीवर ठिपका बघितला की माणूस पळून जातो."

ती हे सगळं इतकं शांतपणे सांगत होती की मला ते पटतंय की भीती वाटतेय हेच कळेना. हीच ताई लहानपणी पाल दिसली तर मला हाक मारायची.

नंतरच्या शनिवारी सकाळी नवरा मागच्या खोलीत फळी बसवत होता. रेषा सरळ यावी म्हणून त्याने ऑफिसातल्या मित्राकडून लेझर लेव्हल आणली होती. मी चहाचे कप घेऊन आत शिरले आणि ताई माझ्या मागून आली. त्याच क्षणी त्याने लेव्हल वळवली आणि तिचा लाल ठिपका माझ्या खांद्यावर पडला असावा. मला काहीच दिसलं नाही. ताईने मागून माझा स्वेटर धरून खेचलं आणि मी जमिनीवर आपटले. कप फुटले, मनगटावर चहा सांडला. ती माझ्या अंगावर पालथी पडली होती आणि तिचा तळवा माझ्या डोक्यावर घट्ट दाबलेला होता.

"ताई! अहो ताई, लेव्हल आहे ती! भिंतीसाठी!" नवरा ओरडला.

ती लगेच उठली नाही. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. मग उठून तिने फडकं आणलं आणि फरशी पुसली. मी माझं मनगट नळाखाली धरून उभी होते. तिला ओरडावं की जवळ घ्यावं, ते मला ठरवता येईना.

दुपारी मी तिला टॅफ नदीकाठी फिरायला नेलं. बाकावर बसल्यावर ती आपणहून बोलली.

"मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी मी घरूनच काम करत होते. गॅरेज उघडं राहिलं होतं. आतलं दार वाजलं. मी पेटी उघडली, पिस्तूल घेतलं, कोण आहे म्हणून ओरडले. उत्तर नाही. बोळात आले तर समोर एक माणूस. उंच, चेक्सचा शर्ट. मी मूठ आवळली. ठिपका बरोबर त्याच्या खिशावर."

"मग? पळाला?"

"नाही ना. त्याने खाली मान घालून ठिपक्याकडे बघितलं आणि हाताने झटकला. जेवताना शर्टावर काही सांडलं की आपण झटकतो ना, तसा. जाईना म्हणून परत झटकला. मग माझ्याकडे बघून ओशाळून हसला."

मी बाकावर तिच्याकडे वळून बसले.

"चार घरं पलीकडचा म्हातारा होता. त्याला विसरायचा आजार आहे. आपल्याच घरी आलोय असं समजून आला होता. तो ठिपका त्याच्या खिशापासून गळ्यापर्यंत नाचत होता. मी किती थरथरतेय ते मला त्या ठिपक्यावरून कळलं. मी पिस्तूल पेटीत ठेवलं, त्याला पाणी दिलं, त्याच्या बायकोला फोन केला. ती आली, माझे आभार मानून मानून रडली. मी तिला काही सांगितलं नाही."

"म्हणजे लेझरमुळे तो वाचला," मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"तेच तर मला कळत नाही गं. ठिपका नसता तर त्याचा झटकणारा हात मला दिसला नसता. नुसता माणूस दिसला असता, अंगावर येणारा. पण हातात काही नसतं तर मी बोळात गेलेच नसते. खोलीला कडी लावून पोलिसांना फोन केला असता. तुझ्या त्या शेजारणीसारखा."

"मग विकून टाक ना ते."

"आणि उद्या कोणी खरंच आलं तर?"

कार्डिफमधल्या बाकावर बसून याचं उत्तर देणं सोपं होतं. समोरून कुत्री फिरवणारी माणसं जात होती. ती मला नेहमीपेक्षा फार बेसावध वाटली. मी ताईला म्हटलं, इकडेच ये राहायला. ती म्हणाली, इकडे येऊन मी काय करू? सकाळी गोळी येतेय असं समजून ती माझ्यावर पडली होती, एवढंच सारखं डोक्यात येत होतं. ते आठवलं की तिचा रागही धड येत नव्हता.

ताई परत गेली. तिकडे पोहोचल्यावर ती त्या म्हाताऱ्याच्या बायकोकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. त्या बाईने आधी कॉफी ठेवली. मग म्हणाली, आमच्याही कपाटात एक आहे, ह्यांचंच. आजार कळला त्या दिवशी मी त्यातल्या गोळ्या काढून घेतल्या. दोघी बसून कॉफी प्यायल्या. त्या बाईने आता घराच्या दाराला घंटी लावली आहे, म्हातारा बाहेर पडला की वाजते. ताईही गॅरेज बंद ठेवते.

पिस्तूल आहेच, आणि लेझरही आहे. शिकवणाऱ्या बाईंना तिने ती दुपार सांगितली, तेव्हा त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतलं. दाराआड कधी थांबायचं, आधी फोन कसा करायचा, ओळख पटेपर्यंत पिस्तूल जमिनीकडे कसं धरायचं. परवा फोनवर म्हणाली, "आज बाईंनी लेझर बंद करायला लावला. नवीन चष्म्याने, नुसत्या टोकाने नेम धरला."

"मग?"

"जमला की! सगळ्या गोळ्या नेमाच्या कागदावर."

"छान," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर नवऱ्याने विचारलं, काय छान? मी म्हटलं, माहीत नाही, ताईचा आवाज खूश वाटला.