वैष्णवीची मशीन कुणी राखली?

आमच्या घरात अमावास्या पाळणारा माणूस म्हणजे माझा नवरा, आणि नेमकी त्याच दिवशी नवी साडी नेसून कॉलेजला जाणारी मी. कुणाच्या अंगात आलं, कुणाला विहिरीवर बाई दिसली असं कुणी सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठते. त्यामुळं हे मी लिहितेय याचं सगळ्यात जास्त नवल मलाच वाटतंय... पण लिहिल्याशिवाय राहवेना.

मी धाराशिवमधल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. कॉलेजचं नाव देत नाही, मुलांची नावंही बदलली आहेत. बाकी सगळं घडलं तसं सांगते — आणि हे घडलं भर दुपारी, लख्ख उजेडात, अख्ख्या वर्गाच्या डोळ्यांदेखत.

थोडं आधी समजून घ्या. कॉम्प्युटरची सुरक्षा शिकवायची तर हल्ला कसा होतो ते पोरांना स्वतः करून बघावं लागतं. खऱ्या कॉम्प्युटरवर तसं करू दिलं तर माझी नोकरी जायची. म्हणून व्हर्च्युअल मशीन. म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर, त्याची वेगळी खिडकी स्क्रीनवर दिसते. पोरांनी तो फोडला, बिघडवला, तरी एक बटण दाबलं की जसा होता तसा परत. पूर्वी मी हेच सगळं फळ्यावर शिकवायचे आणि पोरं जांभया द्यायची. या मशीन आल्या आणि तीच पोरं डबा खायचं विसरायला लागली. सुट्टीच्या दिवशी लॅब उघडा म्हणून मागं लागायची. वीस वर्षं शिकवतेय, पण असं कधी बघितलं नव्हतं.

मग आम्ही स्पर्धा ठेवली. दोघादोघांच्या जोड्या. प्रत्येक जोडीची एक मशीन, आणि तिच्या आत एक ओळ दडवलेली. तिला आम्ही झेंडा म्हणायचो. समोरच्यांच्या मशीनमध्ये घुसून त्यांचा झेंडा शोधायचा आणि आपला राखायचा. अंतिम फेरीत आल्या शबनमची जोडी आणि वैष्णवी-गणेशची जोडी.

वैष्णवी बेंबळीची. रोज एसटीनं यायची. बोलायला कमी, पण मशीन राखायला तिच्यासारखी कुणी नाही. गणेश येडशीचा, तो हल्ल्यात पटाईत. त्यांचं ठरलेलं असायचं, गणेशनं आपल्या कॉम्प्युटरवरून हल्ला करायचा आणि वैष्णवीनं खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर बसून मशीन सांभाळायची.

फेरीच्या दिवशी सकाळी मी सगळ्यांसमोर दोन्ही मशीन कोऱ्या करून दिल्या. बाहेरच्या इंटरनेटची वायर स्वतःच्या हातानं काढून टेबलावर ठेवली. आणि तेवढ्यात वैष्णवी पोट धरून खाली बसली. दोन-तीन दिवस दुखत होतं म्हणे, स्पर्धा हुकेल म्हणून पोरीनं घरी सांगितलंच नव्हतं. तिच्या वडिलांना फोन केला, ते धाराशिवमध्येच कामाला आले होते, लगेच पोचले. आम्ही तिला रिक्षात बसवलं. रिक्षा सुटायच्या आधी तिनं माझा हात धरला.

"मॅडम, आमची मशीन बंद करू नका," ती म्हणाली.

तासाभरानं वडिलांचा फोन आला. अपेंडिक्स फुटलं होतं. तपासण्या करून डॉक्टर दुपारीच ऑपरेशनला घेणार होते.

मी फेरी पुढं ढकलायला निघाले होते, पण गणेशच नको म्हणाला. तिला शुद्ध आल्यावर पहिलं हेच विचारेल, खेळलास का म्हणून, आणि मला न्हाय म्हणता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. मग जेवणाच्या सुट्टीनंतर फेरी सुरू केली. वैष्णवीची मशीन चालू, पुढची खुर्ची रिकामी.

सुरुवातीला अपेक्षेप्रमाणं झालं. गणेश हल्ल्यात गुंतलेला, राखायला कुणीच नाही. शबनम बघता बघता त्यांच्या मशीनमध्ये शिरली. वर्गात गलका झाला. आता झेंडा जाणार म्हणून पोरं उभी राहिली... आणि शबनम बाहेर फेकली गेली. तिनं परत प्रयत्न केला, तर पासवर्ड बदललेला. दुसऱ्या वाटेनं गेली, तीही वाट तिच्या डोळ्यांसमोर बंद झाली.

"मॅडम, त्यांच्या मशीनवर कुणीतरी बसलंय," ती म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी खिडकीकडं बघितलं. खुर्ची रिकामीच होती. पण स्क्रीनवर अक्षरं उमटत होती.

एकदम धपकन नाही हो... एकेक अक्षर, माणूस टाइप करतो तसं. मधेच चूक, मग मागं जाऊन खोडणं, मग परत. आणि चूक कोणती? फाइलींची यादी बघायला 'ls' असं लिहायचं असतं. घाईत वैष्णवी दर वेळी उलटं 'sl' लिहायची, आणि स्वतःवरच चिडून खोडायची. अख्खा वर्ग तिला त्यावरून चिडवायचा. स्क्रीनवर 'sl' उमटलं... खोडलं गेलं... 'ls' झालं. माझ्या शेजारच्या पोरीनं माझा दंड घट्ट धरला.

आता खरं सांगते, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. अंगात वीज खेळावी तसं झालं होतं. कुणीतरी चलाखी करतंय आणि ती मी पकडणार, एवढंच डोक्यात. सगळ्यांना हात वर करून भिंतीकडं उभं राहायला सांगितलं. गणेशलाही आणि शबनमच्या जोडीलाही. राहिले सगळे. अक्षरं थांबली नाहीत. इंटरनेटची वायर बघितली, टेबलावरच होती. शेवटी गणेश पुढं झाला आणि त्यानं वैष्णवीच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड मागून उपसून हातात घेतला. त्याच्या हातात लोंबणारी वायर, आणि स्क्रीनवर पुढची ओळ लिहिली जातेय.

मी म्हणाले, खेळा. दुसरं काही सुचलंच नाही. शबनम जागेवर गेली आणि जीव तोडून खेळली. ती एक वाट काढायची, ही मशीन ती बुजवायची. पोरं टाळ्या वाजवत होती, कुणाला कुणाच्या बाजूनं ओरडावं कळत नव्हतं. इतका सुंदर सामना मी पुन्हा कधी बघितला नाही.

आणि मग एक शब्द अर्धाच राहिला.

नुसता कर्सर लुकलुकत होता. आम्ही वाट बघितली. तेव्हा मात्र मी घाबरले. कॉरिडॉरमध्ये जाऊन वैष्णवीच्या वडिलांना फोन लावला, उचलला नाही. परत लावला. उचलला नाही. आत आले तर शबनमनं कीबोर्डवरचे हात मागं घेतले होते. मशीन उघडी होती, झेंडा समोर होता, पण ती घेईना.

"लिही गं," ती त्या स्क्रीनकडं बघून हळूच म्हणाली. "मी थांबलेय."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग उरलेला अर्धा शब्द उमटला. पाठोपाठ एक ओळ, आणि शेवटची वाट बंद. त्यानंतर काही लिहिलं गेलं नाही. शबनमनं फेरी संपेपर्यंत पुन्हा प्रयत्न केले, पण तिला आत शिरता आलं नाही.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. मधे पोरीचा बीपी एकदम खाली गेला, डॉक्टरांची पळापळ झाली, मग सावरली म्हणाले. पोरगी आता झोपलीय हे सांगताना त्यांना रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी शबनम, गणेश आणि मी तिला भेटायला गेलो. तिला काहीही सांगायचं नाही असं वाटेतच ठरवलं होतं. वैष्णवीचा चेहरा उतरलेला, आवाज खोल गेलेला. तिनं शबनमकडं बघितलं.

"तू प्रिंटरच्या वाटेनं आलीस ना," ती म्हणाली.

शबनम जागच्या जागी उभी. मशीनमध्ये प्रिंटरसाठी एक सोय असते, तिथून शिरायची ही युक्ती तिनं फेरीच्या दिवशीच शोधली होती. मलाही माहीत नव्हती.

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? तिला नीट सांगता येईना. भूल दिल्यावर लई दारं दिसत होती म्हणे. एक लावलं की दुसरं उघडायचं, वारं आत यायचं. ती लावत सुटली.

"मधी दमले, खाली बसले," ती म्हणाली. "वाटलं राहू दे आता. पण एकच दार राहिलं होतं, मॅडम. मग उठले."

गणेश तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी तिच्या कपाळावर हात ठेवला.

पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, तिनं आधीच काहीतरी प्रोग्रॅम लपवून ठेवला असेल. मी म्हणाले, मशीन त्याच सकाळी कोरी केली होती, आणि प्रोग्रॅम चुकीचं लिहून खोडेल कशाला? मग बाहेरून कुणीतरी शिरलं असेल, तो म्हणाला. वायर काढलेली होती. त्यावर तो म्हणाला, मॅडम, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

राहता राहिला निकाल. शबनमच्या जोडीचा झेंडा गणेशनं मिळवला होता आणि यांचा शाबूत, म्हणजे वैष्णवी-गणेश जिंकले. शबनम हरकत घेईल असं मला वाटलं होतं. तिनं उलट बजावलं की प्रमाणपत्रावर दोघांचीही नावं हवीत, एकट्या गणेशला मी केव्हाच हरवलं असतं.

प्राचार्यांनी प्रमाणपत्रं सहीसाठी पुढं ओढली आणि थांबले. ही मुलगी त्या दिवशी दवाखान्यात होती ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

"मग तिच्या जागी खेळलं कोण?"

मी प्रमाणपत्रावरच्या वैष्णवीच्या नावावर बोट ठेवलं. सरांनी माझ्याकडं बघितलं, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.