जसोंडीचा पक्का रंग

“हात बता पहिले. नाव मंग सांगजो.”

आमच्या विणकाम वर्गाच्या बाई नव्या मुलीचं स्वागत असं करायच्या. मुलगी बिचारी नाव सांगायला तोंड उघडेपर्यंत बाई तिचा तळवा तव्यावरच्या भाकरीसारखा उलटसुलट करून पाहत. मी तिथला कारकून. माझाही हात पाहिला होता. “शाई आहे. धुतली की गेली,” म्हणाल्या. तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील. त्यांच्यापुढे आपण उगीच खिशात हात घालतो.

वर्ग म्हणजे सिंधीपुऱ्यातल्या दोन खोल्या आणि सरकारी अनुदान. शिकताना मुलींना दरमहा वजीफ्याचे थोडे पैसे मिळत, म्हणून घरचे त्यांना पाठवत. पुढे राज्यांची नवी जुळणी झाली, आमचं नागपूर सुटलं आणि कागद भोपाळला जाऊ लागले. तिथून निरोप आला की साहेब येऊन कापड पाहतील. बाजारात खपण्याजोगं असेल तर अनुदान चालू, नाहीतर वर्ग बंद.

“कुलूप लावणाऱ्याचे हात पाहू दे आधी,” बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

जवळच्या जसोंडी गावच्या मुली सकाळी केळीच्या बागेत राबून, हात पुसून थेट मागावर बसत. त्यांनी साहेबांसाठी पांढरेशुभ्र पंचे विणले. आदल्या दिवशी ते धुतले आणि घात झाला. केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा असतो, दिसत नाही. वाळून धुतला की तपकिरी डाग उठतात. प्रत्येक पंच्यावर बोटं उमटली होती.

बाई कडाडल्या. आधी मुलींवर, मग माझ्यावर. मी जवळ उभा होतो हाच माझा गुन्हा.

जसोंडीची एक मुलगी रडत म्हणाली, “बाई, हा डाग मरेपर्यंत निघत नाही.”

बाई थांबल्या. “निघतच नाही? पक्का?”

“पक्का.”

“मंग रडते कायले? रंगच झाला ना हा!”

दुपारी जसोंडीहून केळीच्या खांबांचा चीक घागरी भरून आला. पंचे बुडवले, वाळवले, पुन्हा बुडवले. मीही बाह्या सरसावल्या. संध्याकाळी बाईंनी माझा तळवा उलटून पाहिला आणि मान डोलावून सोडून दिला. त्या दिवशी मला पगारवाढ मिळाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो तपकिरी पंचा दोन बोटांत धरला. “ये भूरा कपड़ा लेगा कौन?”

बाई तो पंचा घेऊन थेट बाहेर गेल्या. रस्त्यानं केळीच्या गाड्या स्टेशनाकडे चालल्या होत्या. त्यांनी पहिलीच गाडी अडवली, गाडीवानाच्या खांद्यावरचा डागाळलेला पांढरा पंचा ओढून काढला आणि त्या जागी आपला टाकला. “ठेव घड. लागू दे चीक. दिसते का काही?”

त्यानं घड खांद्यावर घेतला, उतरवला, पंचा निरखला. “नाही दिसत! बाई, हा मले दे. बदल्यात घरचे दोन पांढरे आण म्हणशील तर आताच आणतो.”

मागच्या गाड्याही थांबल्या. रस्ता तुंबला, शिव्या सुरू झाल्या, आणि आत मागावर बसलेल्या मुली पदर तोंडात धरून हसू लागल्या. साहेबही हसले. पंचा एकही उरला नाही. साहेबांना नमुना न्यायलासुद्धा मिळाला नाही. अनुदान आलं. नंतर बुधवाऱ्यातल्या दुकानदारांनी मागणी लावली, आणि शिकून झालेल्या मुलींना घरच्या घरी काम मिळालं.

पुढे बऱ्याच वर्षांनी बाई वारल्या त्या सकाळी, वर्ग बंद ठेवायचा का, हे विचारायला मी गेलो. डागांपायी रडलेली ती जसोंडीची मुलगी आता तिथे शिकवत होती. डोळे पुसत म्हणाली, “बाईले चाललं असतं का?” माग सुरूच राहिले.

त्या खटखटाटात बाईंची तिरडी वर्गासमोरून निघाली. जसोंडीचे केळीवाले पुढे झाले. खांदा देणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर पंचा होता, आणि त्यांत पांढरा एकही नव्हता.