माझ्या अंगात आली ती सर्दी

गेली बावीस वर्षं मी पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी कानाची आकृती काढते आणि मुलांना बजावते, "त्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या नीट काढा. शरीराचा तोल त्यांच्यावर आहे आणि तुमचे मार्कही." माझी आकृती बघायला शेजारच्या वर्गातल्या बाई येतात. तशाच नळ्या माझ्याही डोक्यात बसवलेल्या आहेत, हे मात्र गेल्या चैत्रापर्यंत मला कधी सुचलं नव्हतं.

आमचं घर नेऱ्याला. घरात मोठी जाऊ भामावहिनी. शाळा चौथीपर्यंत, पण भाताच्या लावणीला माझ्यासारख्या चौघींना मागे टाकेल. चैत्रात गावदेवीची पालखी दारात आली की तिच्या अंगात येतं. केस सुटतात, ती घुमते, लोक पाया पडून प्रश्न विचारतात. मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून खांबाला टेकून हसू दाबत उभी. तेवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, मी अंबाडा सोडून तिची नक्कलही करायचे. एकदा हळदीच्या दिवशी घरातच केली, वहिनी मागच्या दारी आहे असं समजून. नक्कल झकास व्हायची, खोटं कशाला बोलू?

पालखीच्या आठ दिवस आधी मला सर्दी-ताप झाला. "व्हायरल आहे, जाईल," असं मीच मला सांगितलं आणि शाळेत गेले. विज्ञानाच्या बाईंना डॉक्टर कशाला हवा? ताप गेलाही. पालखी आली त्या सकाळी मी पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायला वाकले, उठले, आणि अख्खं अंगण गरगर फिरायला लागलं. कळशी हातातून सुटली. मी डावीकडे कोसळले, उठायला गेले, पुन्हा डावीकडेच. क्लिप तुटून केस मोकळे झाले. डोळे आपोआप झटके घेऊ लागले. ढोलवाल्याने लगेच ताल वाढवला.

"अहो, धरा मला! सगळं फिरतंय!" मी ओरडले.

"आली, आली! मास्तरनीच्या अंगात आई आली!"

माझा नवरा आनंदा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाया पडला. देवळाचं सगळं बघणारे महादेवकाका हात जोडून पुढे आले. "आई, काय चुकलं गं आमचं?"

"मला डॉक्टरकडे न्या."

"आई डाक्टरकडं न्या म्हंते," काकांनी गर्दीला सांगितलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "कोनाला नेऊ, आई?"

"मला!"

यावर गर्दीत चर्चा सुरू झाली. मला उलटी झाली, तर कोणीतरी म्हणालं, वाईट होतं ते बाहेर पडलं. पुतणी अंकिता मोबाइलवर शूटिंग करत होती. आणि मी खरोखर घाबरले होते. माझे वडील मेंदूच्या झटक्याने गेले, त्यांचंही असंच गरगरण्यापासून सुरू झालं होतं. मी जितकी ओरडत होते तितके जास्त नारळ फुटत होते. बावीस वर्षं वर्गाला गप्प बसवणारी मी, आणि माझं एक वाक्य कोणाला पटवता येत नव्हतं.

तेवढ्यात वहिनी गर्दीतून घुसली. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, डोळ्यांत निरखून बघितलं आणि कडाडली, "ढोल बंद करा! ही आई नाय. ही आजारी हाय. गाडी काढा!"

दुसऱ्या कोणाचं त्यांनी ऐकलं नसतं. तिचं ऐकलं.

पनवेलच्या डॉक्टरांनी आधी मेंदूची तपासणी केली. तिथे सगळं ठीक निघालं. मग त्यांनी अंकिताचा व्हिडिओ दोनदा बघितला आणि विचारलं, "मागच्या आठवड्यात सर्दी-ताप होता?" डाव्या कानाकडून तोलाची खबर नेणाऱ्या नसेला सूज आली होती, बहुतेक त्याच विषाणूमुळे. "छातीठोकपणे सांगता येत नाही, पण शक्यता तीच," असं ते म्हणाले आणि समजावून सांगायला त्यांनी कागदावर कान काढला. नळ्या अगदीच वाकड्या काढल्या होत्या. तशातही मी मनात दोन मार्क कापले.

महिनाभर मी ओट्यावर बसून व्यायाम केला. अंगठा नजरेसमोर धरायचा, नजर त्याच्यावर ठेवायची आणि मान हलवायची. समोरची म्हातारी ते बघून रोज हात जोडून जायची. चालताना वहिनीचा खांदा धरावा लागे. एका सकाळी ती मला अंगणातून फिरवत असताना मी तिला विचारलं, "वहिनी, सगळे फसले. तुला कसं गं कळलं?"

"तू माझी नक्कल करतेस ना," ती सहज म्हणाली. "हळदीला दाराआडून बघितली व्हती. तवा तू मजेत व्हतीस. आन् आई येते तवा मला भ्या कसलंच नसतं. त्या दिवशी तुझ्या डोळ्यांत नुसतं भ्या व्हतं. म्हंजे सोंग बी नाय आन् आई बी नाय."

मला तोंड वर करवेना. लाज वाटली, अजून वाटते.

"पाय बघू नको," ती म्हणाली. "पडशील. समोर बघ."

वहिनीच्या अंगात काय येतं, ते मला आजही माहीत नाही. कुठल्या आकृतीत ते सापडलेलं नाही. या चैत्रात पालखी दारात आली, तिचे केस सुटले, तेव्हा मी खांब सोडून पुढे गेले आणि ती पडू नये म्हणून मागून तिची कंबर धरली. माझा डावा पाय थोडा लटपटला, पण मी तिला सोडलं नाही.