रिंगमधलं वर्तुळ

उल्का देवधरांच्या पायाला जन्मापासूनच भिंगरी. मयूर विहारहून मेट्रोत चढल्या की अंगात मुरलेल्या गंधकाच्या वासानं जागा हमखास मिळायची, पण बाई बसतील तर शपथ.

तीस वर्षं त्यांनी सरकारी प्रयोगशाळेत एकच रेणू सांभाळला. पाच अणूंची रिंग, त्यात एक गंधक, रिंगबाहेर लोंबकळणारा ऑक्सिजन. अधिक-उणे भार दाखवल्याशिवाय कागदावर काढताच येत नाही, असा हट्टी. तरी तो अरोमॅटिकच आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन सगळ्या रिंगभर फिरतात, असं त्यांनी ठासून मांडलं होतं. त्याची खूण म्हणून रिंगच्या पोटात वर्तुळ काढतात. त्या वर्तुळावरच बाईंचं नाव झालं.

आज निवृत्तीचा दिवस. सकाळीच हेमांगीनं स्फटिकाचे क्ष-किरणांनी मोजलेले आकडे पुढे ठेवले. हेमांगी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता सहकारी. बाहेरच्या ऑक्सिजनचा बंध आखूड, सरळसरळ दुहेरी. रिंगमधले बंध लहानमोठे; इलेक्ट्रॉन रिंगभर फिरत असते, तर ते जवळपास सारखे निघाले असते. दुसरा स्फटिकही तेच सांगत होता. वर्तुळ खोटं होतं.

“मॅडम, आज राहू द्या. फंक्शन होऊन जाऊ दे, मंडेला बघू.”

“मंडेला मी कुठे असणार?”

दिवसभर बाईंच्या जिवाला चैन नव्हती. चहा दोनदा गार झाला. नऊ वर्षांपूर्वी हीच पोरगी म्हणाली होती, “मॅडम, मला हे वर्तुळ पटत नाही.” बाईंनी तिला चारचौघांत झापलं होतं आणि प्रबंधातली आकृती पुन्हा काढायला लावली होती. हेमांगीनं आज त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तेच जास्त लागत होतं.

चार वाजता संचालकांनी स्मृतिचिन्ह दिलं: काचेत कोरलेली रिंग, मधोमध सोनेरी वर्तुळ. टाळ्या झाल्या. “मॅडम, दो शब्द हो जाएं.”

बाईंनी काचेतल्या वर्तुळावर बोट ठेवलं. “ये गोला गलत है,” त्या म्हणाल्या. “हेमांगी ने नौ साल पहले बताया था. मैंने डांटकर उसी से बनवाया.”

कुणी टाळी वाजवली नाही. बाई खाली उतरल्या तेव्हा हेमांगी डोळे पुसत उभी होती.

“मला वाटलं, तुम्ही ते कधीच विसरलात.”

“विसरले असते,” बाई म्हणाल्या, “तर आज सुखानं घरी गेले असते गं.”