कोरं पातेलं

न वापरलेलं भांडं घासण्यासारखं डोकं फिरवणारं काम दुसरं नाही. खरकटं भांडं घासलं तर निदान काहीतरी निघाल्याचं समाधान मिळतं. मी मात्र दोन वर्षं, दर बाजाराच्या दिवशी, ज्यात कुणी कधी घासभर जेवलं नाही असली भांडी घासली. आमचं गाव नेवाशापासून दोन कोसांवर. मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट, पण विहीर तेव्हाच तळाला गेली होती आणि माझ्या वाट्याला घासायला दोन हंडे पाणी यायचं, तेही आईची दहा बोलणी ऐकून.

आम्ही सगळे जर्मलच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पोचे आलेल्या ताटांत जेवायचो. स्टील होतं ते चुलीसमोरच्या फळीवर, ओळीनं. ताटं, वाट्या, तांब्या, दोन उभे डबे, परात. घरातलं जुनं पितळ एकेक करून मोडीत देऊन आईनं ते माझ्या लग्नासाठी जमवलं होतं. लेकीला द्यायचं भांडं कोरं हवं, एकदा चुलीवर चढलं की ते द्यायच्या कामाचं नाही, हा तिचा आणि गावातल्या सगळ्या आयांचा कायदा. फळीवरच्या एका डब्यातून मी शेंगदाणे काढून खाल्ले म्हणून मला लाटणं बसलेलं आहे. त्यात शेंगदाणे ठेवलेच कशाला, असं विचारायची सोय नव्हती.

वापरायचं नाही, तर घासायचं तरी कशाला? तर चुलीचा धूर. आठ दिवसांत भांड्यांवर चिकट पुट चढायचं आणि आईला वाटायचं, आता येणारी-जाणारी काय म्हणेल. पितळेला विटेचा भुगा चालायचा, चिंच चालायची, कसंही रगडा. स्टीलचे लाड वेगळे. वाळू लावायची नाही, चरे पडतात. राख फडक्यातून गाळून घ्यायची, गोल गोल नाही तर एकाच दिशेनं घासायचं, आणि धुतल्याबरोबर धोतराच्या फडक्यानं कोरडं करायचं. आमचं पाणी मचूळ. एक थेंब जागेवर वाळला की पांढरा डाग, आणि डाग दिसला की आई ते भांडं पुन्हा माझ्यापुढं आदळणार. मी दहावीत होते. पुढच्या वर्षी अकरावी, म्हणजे मॅट्रिक. आमच्या गावातली एकही मुलगी तोवर मॅट्रिक झाली नव्हती आणि मला ते व्हायचं होतं, इतकं की रात्री झोपेत मी भूमितीची प्रमेयं बडबडायचे म्हणे. बाजाराच्या दिवशी मात्र शाळा बुडवून मी राखेत हात घालून बसलेली असायचे.

दिवाळी झाली आणि वडील घोडेगावच्या बाजारात एक गोऱ्हा विकून आले. येताना एक मोठं पातेलं घेऊन आले. आईनं ते दोन्ही हातांनी उचलून उजेडात फिरवलं. दुसऱ्या दिवशी शेजारची काकू बघायला आली. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. आई आतून म्हणाली, "पातेलं तेवढं ऱ्हायलं हुतं बघा. आता काय अडत न्हाई. यंदाच्या वैशाखात उरकून टाकू."

वैशाख. म्हणजे दहावीची परीक्षा झाली की लगेच. मॅट्रिकचं वर्ष गेलंच. मला कुणी विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं. मला इतका संताप आला की मी पुस्तक मिटलं आणि कितीतरी वेळ नुसती त्या फळीकडं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी आई कापूस वेचायला गेली. जाताना म्हणाली, "दूध तापव." मी फळीवरून नवं पातेलं काढलं, त्यात दूध ओतलं आणि चुलीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या कोंबल्या. चुलीवर भांडं ठेवण्याआधी बुडाला बाहेरून चिखल-राखेचा हात फिरवतात, म्हणजे काजळी धरत नाही. तो मी फिरवला नाही. स्टीलचं पातळ बूड, खाली भडभडता जाळ. दूध आधी लागलं, मग करपलं, मग काळं झालं. वास गल्लीभर गेला. मी हलले नाही.

आईनं येऊन पाहिलं आणि एक थोबाडीत दिली. मी आधीच ठरवलेलं सांगितलं, "विसरले. चुकून हेच हाताला आलं." तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग दारात जाऊन काकूला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "कार्टीचं ध्यान न्हाई जाग्यावर. लई धांदरट झाली."

पुढचे तीन दिवस मी ते पातेलं घासलं. राख, चिंच, आंबट ताक, नारळाची शेंडी. बोटांची सालं गेली. काजळी निघाली, करप निघाली, पण आतल्या बुडाला तळहाताएवढा निळसर-तांबूस डाग उरला तो उरलाच. मला आतून आनंद होत होता. पातेलं बाद, म्हणजे लग्न निदान वर्षभर लांबलं, असा माझा हिशेब.

कसलं काय. माघात पाहुणे आले, चैत्रात सुपारी फुटली. मी शाळेत जात राहिले, परीक्षाही दिली, आणि परीक्षा संपल्यावर चौथ्या दिवशी अंगाला हळद लागायची होती.

त्याच्या आदल्या दुपारी आई परसात भांडी उजळत बसली होती. तेच पातेलं पायात धरून चिंचेनं घासत होती. मी तिच्यासमोर बसले आणि न राहवून बोलून गेले, "तो डाग नाही निघायचा. मी विसरले नव्हते. मुद्दाम जाळलं होतं."

"ठावं हाय," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"ठाऊक होतं? मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलाया पायजे हुतं? पोरीनं लगीन नको म्हून भांडं जाळलं, आसं तुझ्या बापाला सांगू? त्याच दिशी दप्तर चुलीत गेलं आसतं तुझं. इसारली म्हनलं, म्हून परीक्षेपोतर तरी गेलीस शाळंला." तिनं पातेलं पालथं घालून पाणी निथळू दिलं. "माझ्या हातात तेवढंच हुतं."

तिच्या गळ्यात पडावं असं काहीतरी मला वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. तिला सगळं कळलं होतं. सगळं कळूनही तिनं मला मॅट्रिकच्या अलीकडं आणून सोडलं होतं, आणि वर ते उपकार म्हणून सांगत होती. मी ओरडले, "मला पाच महिने नको होते, वर्ष हवं होतं!"

आईनं फडकं माझ्याकडं टाकलं. पातेल्यावर पाणी वाळत चाललं होतं, आणि मी, तोंडानं भांडत भांडत, ते पुसायला घेतलं.